कराटेची पुढची पायरी आणि पैशाची जुळवाजुळव

प्रश्न : स. न. वि. वि. माझी मुलगी अकरावीत शिकते आणि गेली सहा वर्षे फैजपूरला कराटेच्या वर्गाला जाते. कुमितेत, म्हणजे प्रत्यक्ष लढतीच्या प्रकारात, ती ५३ किलोखालील गटात खेळते. मागच्या वर्षी शालेय स्पर्धांत जिल्हा आणि विभाग जिंकून तिने राज्यस्तरावर कांस्यपदक मिळवले. आता तिच्या सरांनी सुचवले आहे की, शेजारच्या देशात होणाऱ्या एका ‘आंतरराष्ट्रीय खुल्या’ स्पर्धेत तिने उतरावे. प्रवेश शुल्क, प्रवास, राहणे आणि ट्रॅकसूट मिळून ६५ हजार रुपये महिनाभरात भरायचे आहेत. शिवाय पुढच्या तयारीसाठी तिला पुण्याला ठेवावे, असेही ते म्हणतात. आमची चार एकर केळी आहे आणि यंदाच्या वादळात निम्मी बाग आडवी झाली. गावात कोणापुढे हात पसरण्याची आम्हाला सवय नाही. मुलीची संधी हुकली तर तेही आयुष्यभर मनाला लागून राहील. पैसे कसे उभे करावेत?
— एक पालक, यावल तालुका

उत्तर : पैशाचे मार्ग मी पुढे सविस्तर सांगतो. परंतु त्याआधी एका गोष्टीचा निकाल लागला पाहिजे, आणि ती बाजूला ठेवून मी सल्ला दिला तर ते आपल्या मुलीच्या हिताचे होणार नाही. ही ६५ हजारांची स्पर्धा कोणाची आहे आणि तिथे जाऊन मुलीच्या पदरात नेमके काय पडणार आहे?

कराटेत शोतोकान, शितो-र्यू, गोजू-र्यू, वादो-र्यू अशा अनेक शैली आहेत आणि प्रत्येक शैलीच्या अनेक संघटना आहेत. त्यात काही वावगे नाही. अडचण अशी की, यांपैकी कोणतीही संघटना आपल्या स्पर्धेच्या नावात ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द घालू शकते. आपल्या देशात कराटेच्या संघटनांमध्ये मान्यतेचे वाद वर्षानुवर्षे झालेले आहेत आणि मान्यता एका संघटनेकडून दुसरीकडे गेलेलीही आहे. म्हणून जुन्या प्रमाणपत्रावरचे बोधचिन्ह पाहून विश्वास ठेवू नये. जागतिक कराटे महासंघाच्या संकेतस्थळावर प्रत्येक देशाच्या सदस्य संघटनेचे नाव दिलेले असते. आपल्या मुलीला पाठवणारी संघटना त्या सदस्य संघटनेशी जोडलेली आहे का, हे सर्वप्रथम तपासावे. त्यानंतर निवड चाचणी झाली का, हे विचारावे. ज्या स्पर्धेत शुल्क भरणारा प्रत्येक जण ‘भारताचा खेळाडू’ ठरतो, तिथे निवड झालेलीच नसते. मागच्या वर्षीच्या लढतींचा तक्ताही मागून घ्यावा. कराटेत कांस्यपदके दोन दिली जातात, त्यामुळे ज्या गटात चारच मुली उतरतात तिथे चौघींच्याही गळ्यात पदक पडते. असे पदक घेऊन मुलगी परतली, गावाने मिरवणूक काढली आणि पुढे राष्ट्रीय स्पर्धेत ती पहिल्याच फेरीत गारद झाली, तर तिच्या मनावर होणारा आघात त्या ६५ हजारांपेक्षा मोठा असतो.

आणखी एक चौकशी जळगावच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात लेखी करावी. दहावी-बारावीचे वाढीव क्रीडागुण असोत की शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंसाठीचे ५ टक्के आरक्षण असो, दोन्हींसाठी खेळ कोणता आणि स्पर्धा कोणत्या संघटनेची, हे शासन निर्णयाला धरून पाहिले जाते, आणि नोकरीसाठीच्या प्रमाणपत्रांची पडताळणी विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयात होते. या स्पर्धेचे प्रमाणपत्र तिथे ग्राह्य धरले जाईल का, एवढाच प्रश्न अर्जात विचारावा आणि उत्तर लेखी मागावे. आपल्या सरांच्या हेतूविषयी शंका घ्यावी, असे मला मुळीच सुचवायचे नाही. फैजपूरसारख्या ठिकाणी इतकी वर्षे मुलींना शिकवून राज्य पदकापर्यंत नेणारा माणूस कसबाचा आणि तळमळीचाच असणार. त्यांच्याकडेही अशी माहितीपत्रके वरूनच येतात. त्यांना सोबत घेऊनच ही चौकशी करावी.

चौकशीत स्पर्धा खरी ठरली नाही, तर तिला न जाणे ही संधी हुकणे नव्हे. जागतिक महासंघाच्या नियमांप्रमाणे १४ ते १५ वर्षांचा कॅडेट, १६ ते १७ वर्षांचा ज्युनिअर आणि त्यानंतर १८ ते २० वर्षांचा गट असतो. आपली मुलगी ज्युनिअर गटात आत्ता कुठे आली आहे. तिला सर्वांत जास्त गरज आहे ती अनोळखी आणि तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यांची. वर्गातल्या त्याच चार मुलींचा प्रत्येक डाव तिला पाठ झालेला असतो. कुमितेत मात्र समोरच्याचे अंतर आणि वेळ क्षणात ओळखावी लागते, आणि ते नव्या माणसाशी खेळल्याशिवाय येत नाही. म्हणून पुण्यात कायमचे ठेवण्यापेक्षा महिन्यातून दोन रविवार भुसावळ, जळगाव किंवा नाशिकच्या चांगल्या वर्गात सरावाच्या लढती खेळायला जाणे आणि सुट्टीत एखादे शिबिर करणे, हे सध्या अधिक शहाणपणाचे ठरेल. घर, शाळा आणि सर, तिन्ही एकदम तोडून सोळाव्या वर्षी मुलीला परगावी ठेवण्याचा खर्च फक्त पैशांत मोजता येत नाही.

आता खर्चाचा अंदाज. तो एका ठोक रकमेत मांडू नये, वस्तू आणि प्रवास यांनुसार मांडावा. कुमितेत खेळाडूला एका लढतीत लाल तर दुसऱ्या लढतीत निळा पट्टा येऊ शकतो. त्यामुळे हातमोजे आणि नडगी-पावलांचे गार्ड दोन्ही रंगांत घ्यावे लागतात. त्याशिवाय दातांचे गार्ड, गणवेशाच्या आत घालायचा अंगरक्षक आणि मुलींसाठीचे छातीचे गार्ड लागते. मोठ्या स्पर्धांत मान्यतेचा शिक्का नसलेले साहित्य पंच मॅटवर चालू देत नाहीत. स्वस्तात घेतलेला संच ऐन वेळी बाद ठरून धावपळ झालेले पालक मी पाहिलेले आहेत. ज्या मुली खेळ सोडून पुढच्या शिक्षणाला गेल्या त्यांच्याकडे असे साहित्य बऱ्या स्थितीत पडून असते. सरांमार्फत विचारल्यास एखादा रंग तरी असाच मिळून जाईल. दातांचे गार्ड मात्र कोणाचे वापरू नये. प्रवासात मुलीसोबत घरातली किंवा विश्वासाची एक स्त्री असणे मी अनिवार्य मानतो, त्यामुळे भाडे आणि राहण्याचा खर्च दोघींचा धरावा. राष्ट्रीय स्पर्धा दिल्लीकडे असेल तर भुसावळहून पंजाब मेलसारख्या थेट गाड्या आहेत. तारीख कळताच शयनयानाचे आरक्षण केले तर हा आकडा आटोक्यात राहतो. दुखापतीसाठी थोडी रक्कम वेगळी ठेवावी, कारण घोट्याची आणि बोटांची दुखणी या खेळात नित्याची आहेत. पुढे परदेशी जाण्याची वेळ खरोखरच येणार असेल तर पासपोर्ट आधीच काढून ठेवावा. तातडीत काढायला गेले की खर्च आणि मनस्ताप दोन्ही वाढतात.

हा तक्ता तयार झाला की त्यातले जे पैसे मागावेच लागत नाहीत ते आधी वजा करावेत. शालेय राष्ट्रीय स्पर्धेसाठी महाराष्ट्राच्या संघात निवड झाली तर संघाच्या प्रवासाची आणि गणवेशाची व्यवस्था साधारणपणे क्रीडा खातेच करते. पुढे पदवीला गेल्यावर आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी विद्यापीठाच्या संघात निवड झाली, तर तो खर्च कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडून होतो. म्हणून महाविद्यालय निवडताना तिथल्या क्रीडा संचालकांना खेळाडूंविषयी किती आस्था आहे, हे प्रवेशाआधी पाहून घ्यावे. केंद्र शासनाचा पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाचा राष्ट्रीय क्रीडापटू कल्याण निधी हलाखीच्या परिस्थितीतील खेळाडूंसाठी आहे, परंतु तिथे कामगिरी वरच्या दर्जाची लागते. तो मार्ग आज नाही, दोन वर्षांनी आठवावा. आमदार-खासदारांच्या स्थानिक विकास निधीच्या आशेने अनेक पालक खेटे घालतात. तो निधी सार्वजनिक कामांसाठी असतो, एखाद्या खेळाडूच्या हाती तो देता येत नाही. लोकप्रतिनिधींकडून व्यक्तिगत मदत किंवा एखाद्या उद्योजकाकडे शब्द टाकणे मिळू शकते, तेवढीच अपेक्षा ठेवून भेटावे.

उरलेल्या खर्चासाठी लोकांकडे जावे लागेल आणि तिथेच आपला संकोच आडवा येतो. तो मला समजतो. परंतु आपल्याकडे अखंड हरिनाम सप्ताहाची वर्गणी घेणारा माणूस कोणापुढे मान खाली घालून उभा राहत नाही, कारण पैसा कशाला लागणार आणि कोठे खर्च होणार हे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. आपली मागणी तितकीच उघड आणि नेमकी असली की लाजण्याचे कारण उरत नाही. ‘मुलीला मदत करा’ असे म्हणत फिरल्यास पाचशे रुपये आणि पाठीवर थाप मिळते. त्याऐवजी एका माणसाकडे एकच गोष्ट मागावी, आणि ते पत्र मुलीने स्वतःच्या हाताने लिहावे. मजकूर साधारण असा असावा : “मी कुमितेत ५३ किलोखालील गटात खेळते. राज्य शालेय स्पर्धेत मला कांस्यपदक मिळाले आहे. येत्या निवड चाचणीसाठी मला लाल आणि निळ्या रंगाचे हातमोजे व गार्ड घ्यायचे आहेत. दुकानाचे दरपत्रक सोबत जोडले आहे. हा खर्च आपण पूर्ण किंवा काही अंशी उचलावा, अशी विनंती आहे. रक्कम थेट दुकानदाराला दिली तरी चालेल. वस्तूची पावती आणि स्पर्धेचा निकाल मी स्वतः आणून दाखवीन.” पत्र एका पानाच्या पुढे जाऊ देऊ नये. सोबत राज्य पदकाच्या प्रमाणपत्राची प्रत आणि सरांचे चार ओळींचे शिफारसपत्र पुरेसे आहे.

कोणाकडे जावे, याइतकेच कधी जावे यालाही आपल्या भागात महत्त्व आहे. पेरणीच्या तोंडावर, जून-जुलैत, कृषी सेवा केंद्राच्या मालकाचा सगळा पैसा उधारीत अडकलेला असतो. त्या वेळी मागितले तर नाइलाजाने नकार येतो, आणि एकदा नकार दिलेला माणूस पुन्हा भेटायला अवघडतो. कापूस घरात येऊन विकला जाऊ लागला की बाजारात पैसा खेळतो. म्हणून पत्र दसऱ्याच्या आसपास द्यावे आणि प्रत्यक्ष भेट दिवाळीनंतर घ्यावी. केळीचे व्यापारी, जिनिंगवाले, डाळमिलचे मालक, सराफ, शहरात दवाखाना असलेले आपल्या गावचे डॉक्टर, सुरत-पुण्याला स्थिरावलेले भाऊबंद अशी वीस-पंचवीस नावांची यादी घरात बसून करावी. ज्यांच्याशी आपला रोजचा व्यवहार आहे त्यांच्यापासून सुरुवात करावी, कारण पहिले तीन होकार मिळाले की पुढच्यांना विश्वास वाटतो. पतसंस्था किंवा बाजार समितीकडे अर्ज केल्यास संचालक मंडळाचा ठराव लागतो. तिथे दोन-तीन महिने धरूनच चालावे.

मोठ्या कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीविषयी बरेच गैरसमज आहेत. ५०० कोटींचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम यासाठी खर्च करावी लागते. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यताप्राप्त खेळ, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळ यांच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे. तरीही हा पैसा बहुधा नोंदणीकृत संस्थेमार्फतच दिला जातो, एकट्या मुलीच्या खात्यात येत नाही. आपल्या सरांचा वर्ग नोंदणीकृत असेल तर वर्गासाठी मॅट किंवा शिबिर अशी मागणी संस्थेने करावी. तिचा लाभ आपल्या मुलीला होईल आणि तिच्या मागून येणाऱ्यांनाही होईल. ‘कराटे ऑलिम्पिकमध्ये आहे का?’ हा प्रश्न तिथे हमखास येतो. त्याचे उत्तर खरेखुरे द्यावे : टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, कराटे होते, २०२४ च्या पॅरिसमध्ये नव्हते आणि २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्येही नाही, आशियाई क्रीडा स्पर्धांत मात्र १९९४ पासून आहे. ‘माझी मुलगी ऑलिम्पिक गाजवणार’ असे फलकावर छापून मागितलेला पैसा पुढे तिच्याच मानेवर ओझे होऊन बसतो.

पैसा यायला लागण्याआधी मुलीच्या नावाचे वेगळे बचत खाते उघडावे आणि प्रत्येक देणगी त्यातच घ्यावी. ती सरांच्या किंवा कोणा कार्यकर्त्याच्या खात्यात जाऊ देऊ नये. वहीत तारीख, नाव, रक्कम आणि कशासाठी, हे चार रकाने पुरेत. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या भेटरकमा ५० हजारांच्या पुढे गेल्या तर त्या करपात्र धरल्या जातात, म्हणून मोठी रक्कम रोख घेण्याऐवजी देणाऱ्याने तिकीट किंवा साहित्याचे बिल परस्पर भरणे सोयीचे पडते. तरीही एकदा सनदी लेखापालाला विचारून घ्यावे. देणगीदाराला मिळणारी करसवलत, जी ‘८०-जी’ या नावाने ओळखली जाते, मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवरच मिळते. आपल्याला व्यक्तिशः दिलेल्या पैशावर ती मिळेल, असे चुकूनही कोणाला सांगू नये. परदेशी नागरिकत्व घेतलेला कोणी ओळखीचा मदत करू इच्छित असेल तर विदेशी योगदानाच्या कायद्याविषयीही लेखापालाला विचारावे. इंटरनेटवरून लोकवर्गणी उभी करणारी संकेतस्थळे आहेत. तिथे शुल्क किती कापले जाते ते वाचून पाहावे आणि मुलीचा मोबाइल क्रमांक, घरचा पत्ता, रोजची सरावाची वेळ यांतले काहीही त्या पानावर किंवा चौकातल्या फलकावर येऊ देऊ नये. संपर्कासाठी आपला क्रमांक द्यावा.

एका बाबतीत मी ठाम आहे. या खेळासाठी पीककर्ज वळवू नये, घरातले सोने गहाण ठेवू नये आणि सावकाराचे तोंड पाहू नये. आई-वडिलांनी रान गहाण ठेवले आहे, हे डोक्यात घेऊन मॅटवर उतरलेली मुलगी मोकळेपणाने पाय उचलूच शकत नाही. वर्षाला घरातून किती रक्कम जाऊ शकते ते आपण दोघांनी ठरवावे, मुलीला स्पष्ट सांगावे, आणि बाकीचे पैसे जमतील तेवढ्याच स्पर्धा यंदा खेळाव्यात.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यातील एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. आमच्या शाळेतील नववीची एक विद्यार्थिनी कराटेत विलक्षण चपळ आहे. एका स्वयंसेवी प्रशिक्षकाने दोन वर्षे शिकवले, आता ते बदलून गेले. मुलीचे आई-वडील ऊसतोडीला जातात. बाहेर स्पर्धेला न्यायचे तर बसभाड्यापासून सर्व प्रश्न आहेत. कोठून सुरुवात करावी?
— एक शिक्षक, जिल्हा नंदुरबार

उत्तर : आपल्या बाबतीत पैशाआधी प्रशिक्षक आणि परवानगी हे दोन प्रश्न आहेत. आई-वडील ऊसतोडीवर निघण्याआधी, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, प्रवास आणि स्पर्धा या दोन्हींसाठी त्यांची लेखी संमती घेऊन ठेवावी. मुलीच्या जन्मतारखेचा दाखला, आधार आणि जातीचा दाखला यांवरील नाव एकसारखे आहे का, तेही आत्ताच पाहावे. स्पर्धेच्या नोंदणीच्या आदल्या दिवशी स्पेलिंग जुळत नाही म्हणून गुणी मुले मागे राहतात, याचे मला फार वाईट वाटते.

निधीसाठी पहिला अर्ज तळोद्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे मुख्याध्यापकांच्या सहीने करावा. स्थानिक गरजेच्या छोट्या योजनांसाठी प्रकल्प अधिकाऱ्यांकडे ‘न्यूक्लिअस बजेट’ असते. खेळाडूच्या साहित्याचा आणि प्रवासाचा प्रस्ताव त्यात बसवता येईल का, हे प्रत्यक्ष भेटून विचारावे. एका मुलीसाठी मागण्यापेक्षा दहा-बारा मुलींच्या गटासाठी प्रशिक्षकाचे मानधन आणि सरावाचे मॅट मागितले तर प्रस्तावाला वजन येते. दुसरा अर्ज नंदुरबारच्या जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे, शालेय कराटे स्पर्धेत शाळेची नोंदणी करण्यासाठी. शाळेची नोंदणीच नसेल तर मुलगी कितीही चांगली असली तरी तिला जिल्ह्याच्या मॅटवर उभे राहता येणार नाही. प्रशिक्षक मिळेपर्यंत तिचा व्यायाम, दोरीच्या उड्या, धावणे आणि शिकलेल्या काता, म्हणजे एकट्याने करायच्या ठरावीक हालचालींचे क्रम, रोज चालू ठेवाव्यात. कातासाठी प्रतिस्पर्धी लागत नाही आणि मॅटही लागत नाही, त्यामुळे तो प्रकार आश्रमशाळेच्या पटांगणावरही नेटाने जोपासता येतो. व्यापाऱ्यांकडे जायचे असेल तर नंदुरबारच्या मिरची बाजारात हंगामात जावे, आणि मुलीची गरिबी रंगवून सांगण्यापेक्षा तिचा खेळ दाखवावा.

प्रश्न : आमच्या वर्गातील सहा मुलांना राज्य स्पर्धेला जायचे आहे. गावात शंभर रुपयांचे कूपन काढून मोटारसायकलची सोडत ठेवावी, असे मित्रमंडळाचे म्हणणे आहे. हे चालेल का?
— एक वाचक, जामनेर

उत्तर : चालणार नाही. शासनाच्या परवानगीशिवाय अशी सोडत काढणे हा गुन्हा आहे आणि त्यात मुलांची नावे गुंतली तर खेळ बाजूला राहून पोलीस ठाण्याच्या चकरा सुरू होतील. मंडळ म्हणून पावतीपुस्तक घेऊन वर्गणी काढायची असेल तरी, गणेशोत्सव मंडळे घेतात त्याप्रमाणे, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खालील परवानगीविषयी जळगावच्या धर्मादाय कार्यालयात आधी विचारणा करावी.

याहून चांगला मार्ग आपल्या दारातच आहे. डिसेंबर-जानेवारीत भरिताची वांगी भरात असतात, आणि भरीत-पुरीच्या जेवणाला नाही म्हणणारा माणूस आपल्या जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. एखाद्याच्या मळ्यात किंवा शाळेच्या पटांगणात रविवारी संध्याकाळी पंगत ठेवावी, जेवणाची कूपने आधीच विकावीत आणि पंगतीपूर्वी त्या सहा मुलांनी वीस मिनिटे काता आणि लढतींचे प्रात्यक्षिक करावे. वांगी बामणोदकडच्या एखाद्या शेतकऱ्याकडून थेट घ्यावीत, तेल आणि पीठ दोघा-तिघा दुकानदारांकडून वस्तुरूपाने मागावे, भाजण्यासाठी काड्या शेतातूनच मिळतील. स्वयंपाकाला गावातला अनुभवी आचारी हवा. तेवढे काम मंडळाच्या हौशी मुलांवर सोडू नये. कूपनांवर जेवणाची किंमत, सहा मुलांच्या वर्गाचे नाव आणि स्पर्धेचे नाव स्पष्ट छापावे, प्रत्येक कूपनाला क्रमांक द्यावा, आणि जमा-खर्चाचा कागद दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.